काळ्या दगडावरची ओळ

२८ ऑगस्ट, मोठ्या गोस्पोयिनाचा, म्हणजे मेरीमातेचा सण. दुपार.
चर्चमधून आले. पाय सुजलेत. आजपासून रोज चार ओळी लिहायच्या ठरवल्या. शाळा सहावीत सोडली म्हणून काय झालं, अक्षर अजून बोबापेक्षा बरं आहे.
बोबा म्हणजे माझी धाकटी जाऊ. कुंपणापलीकडे राहते. तिच्याबद्दल या वहीत काहीही लिहायचं नाही. हा पहिला संकल्प.

संध्याकाळ.
लिहावं लागतंय. चर्चबाहेर बोबा सगळ्यांना मोबाईल दाखवत होती. इंटरनेटवर तो मोठा ज्ञानकोश आहे ना, सगळ्या जगाची माहिती असलेला, त्यात आमच्या शूमनी दोल गावाचं पान आहे. सात ओळींचं. पाचवी ओळ अशी: "गावातील पेकमेझ जत्रा २००९ साली स्लोबोदांका यांनी सुरू केली." स्लोबोदांका म्हणजे बोबाच. त्या नावाने तिला तिची आईसुद्धा हाक मारत नसेल.
पाद्रीबुवा म्हणाले, बोबाबाई, जगात नाव झालं की तुमचं. बोबा म्हणाली, छे हो, मला तर आजच कळलं. आजच कळलं म्हणे, आणि बोट बरोबर पाचव्या ओळीवर.
मी जळत नाही. मला फक्त खोटं खपत नाही.

२९ ऑगस्ट
नोंद राहावी म्हणून खरं काय ते लिहिते. जत्रा माझी. त्या वर्षी आलुबुखार इतके आले की झाडांच्या फांद्या मोडल्या, व्यापारी फिरकला नाही. मी अंगणात उभी राहून म्हणाले होते, एवढ्यांचं काय करू, आता गाव जेवायला बोलावू का? वैतागून म्हणाले होते, पण म्हणाले होते. बोबाने कुंपणापलीकडून ऐकलं आणि बोलावलं गाव. चौकात तांब्याच्या कढईत दिवसभर आलुबुखार ढवळले, साखर चिमूटभर नाही, लाकडी दांडका उभा राहीपर्यंत. झाला पेकमेझ, झाली जत्रा. कल्पना कुणाची?
त्या वर्षी सासूबाईंची मोठी कढई वापरता आली नाही, कारण कोठीची किल्ली हरवली होती. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.
मुलीला फोन केला, ऑस्ट्रियात, लिंझला. गोर्दाना म्हणाली, आई, ते पान कुणीही बदलू शकतं. कुणीही? मग मी इतकी वर्षं गप्प का होते? खातं कसं उघडायचं ते तिने सांगितलं. नाव ठेवलं मिलुंका१९६८. स्लोबोदांका खोडून मिलुंका लिहिलं. मन हलकं झालं. कॉफी चढवली.
कॉफी उतू जायच्या आत पानावर परत बोबा.
निरोप होता. कुणी "जुना बगळा" नावाचा माणूस तिथे राखण करतो. लिहितो: संदर्भ नसल्यामुळे बदल मागे घेतला आहे, कृपया विश्वसनीय संदर्भ द्यावा. मी लिहिलं, संदर्भ मीच, मी तिथे होते. तो म्हणतो, स्वतः पाहिलेलं इथे चालत नाही. मी विचारलं, मग काय न पाहिलेलं चालतं? तो म्हणतो, छापलेलं चालतं.
पक्ष्यांशी वाद घालायचा नाही. संकल्प दुसरा.

३१ ऑगस्ट
बगळ्याला पुरावा हवा ना, घे पुरावा. कागदावर लिहिलं: आम्ही खाली सह्या करणारे, जत्रा मिलुंकाने सुरू केली असं सांगतो. नवऱ्याला म्हटलं, रातको, आधी तू कर. तो चष्मा शोधायला गेला, तो डुकरांना चारा घालूनच आला. मग म्हणाला, हात चिखलाचे आहेत.
गल्लीतून पाच सह्या मिळाल्या. फोटो काढून पाठवला.
घरी आल्यावर नीट बघितलं तर तिसरी सही बोबाची. दुकानापाशी गर्दीत केली असणार. तिला विचारलं, वाचून केलीस का? म्हणाली, नाही हो जाऊबाई, तुमचं काही काम असेल म्हणून केली.
हिचं हे असं असतं. भांडायला जागाच ठेवत नाही.
बगळ्याचं उत्तर: गावकऱ्यांच्या सह्या हा प्रकाशित संदर्भ नव्हे. मी भडकून लिहिलं, मग बोबाच्या ओळीला कुठला संदर्भ आहे रे? ती ओळ काय आकाशातून पडली?
तो म्हणाला, आपलं म्हणणं बरोबर आहे.
हे वाक्य मी वेगळ्या ओळीवर लिहून ठेवते. आपलं म्हणणं बरोबर आहे. या घरात इतक्या वर्षांत कुणी म्हटलेलं नाही.
ती ओळ म्हणे सात वर्षांपूर्वी कुणा परक्या प्रवाशाने लिहिली. म्हणजे सात वर्षं ती बाई जगप्रसिद्ध होती आणि मी तिला कांदे उसने देत होते.

१ सप्टेंबर
आजचा दिवस सोन्याचा. बगळ्याने बोबाच्या नावापुढे कंसात दोन शब्द चिकटवले: संदर्भ हवा. निळ्या अक्षरात. सगळं जग बघेल.
दुकानात गेले. काही घ्यायचं नव्हतं, मीठ घेतलं. मोबाईल काउंटरवर असा ठेवला की बोबाला दिसावा. तिने वाचलं. म्हणाली, कुणाला हवाय? पत्ता द्या, बरणी पाठवू. सगळे हसले. तिच्यावर नाही, तिच्याबरोबर.
तरी शब्द आहेत तिथे. घरात आता मीठ दोन किलो झालंय.

४ सप्टेंबर
छापलेलंच हवं ना. ठीक. या महिन्यात सासूबाईंना जाऊन दहा वर्षं होतील. सगळ्या घरांतून पेपरात फोटो आणि आठवणीच्या चार ओळी देतात, आपणही द्यायला नकोत? तालुक्याच्या पेपरात दिल्या. मजकूर मीच लिहिला:
"प्रिय सासूबाई स्तानिया, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमच्याकडून पेकमेझ शिकून तुमच्या थोरल्या सुनेने, मिलुंकाने, २००९ साली सुप्रसिद्ध पेकमेझ जत्रा सुरू केली. मिलुंकाचे कष्ट तुम्ही वरून बघत असालच. सदैव शोकाकुल, मिलुंका आणि कुटुंबीय."
रातकोने पेपर बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, यात आई कुठे आहे? मी म्हटलं, फोटोत. तो गोठ्याकडे निघून गेला. आईच्या आठवणीने भरून आलं असणार.

६ सप्टेंबर
बगळा म्हणतो पैसे देऊन छापलेली जाहिरात स्वतंत्र संदर्भ होत नाही. आणि विचारतो, आपण त्याच मिलुंका का?
त्याला काय करायचंय?
त्याने एक नियम वाचायला दिला. हितसंबंधांचा. गोर्दानाकडून फोनवर समजून घेतला. स्वतःबद्दल लिहायचं नाही. नातेवाइकांबद्दल नाही. मित्रांबद्दल नाही. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याबद्दलही नाही. मग माणसाने लिहायचं कुणाबद्दल? ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्याबद्दल? त्याच्याबद्दल लिहायला मला काय पडलंय?
गोर्दाना म्हणाली, आई, सोड ना, तुझा पेकमेझ सगळ्यांना आवडतो. विचारलं, बोबाकाकूपेक्षा? फोन कट झाला. लिंझला रेंजचा फार त्रास आहे.

९ सप्टेंबर
डोकं चालवलं. रातकोच्या मोबाईलवर रातकोच्या नावाने खातं उघडलं. तो अंगणात राकिया दारूच्या पिंपांवर खडूने साल लिहीत बसला होता, त्याला कशाला त्रास द्या. ओळ बदलली. बगळा लगेच हजर: आपला आणि मिलुंका यांचा काही संबंध? मी लिहिलं: काही नाही. मी त्या बाईंना ओळखतही नाही, पण सगळ्या जिल्ह्यात त्यांचं फार नाव ऐकून आहे. सुंदर आहेत म्हणे.

१० सप्टेंबर
दोन्ही खाती आठवडाभर बंद. म्हणे दोन्हींची लिहिण्याची ढब एकच. कौतुक म्हणून सांगतोय की काय, कळत नाही.
रातकोने मोबाईल उघडला आणि सगळं वाचलं. जेवताना म्हणाला, ओळखतही नाही? मी म्हटलं, अरे ते कामापुरतं. तो म्हणाला, असू दे, कधीकधी मलाही तसंच वाटतं. आणि शिल्लक राहिलेली भरलेली मिरची स्वतःच खाल्ली. एरवी मला विचारतो.

१३ सप्टेंबर
सासूबाईंच्या फुलांना पाणी घालायला दफनभूमीत गेले. त्यांच्या दगडावर फक्त नाव आणि दोन सालं. बाई जन्मभर कढईपाशी उभी राहिली, धुराने डोळे गेले, आणि दगडावर त्याचं एक अक्षर नाही. पाहुणा आला तर म्हणेल, असेल कुणीतरी म्हातारी. तिथेच उभी राहून बघत राहिले. मला असं जायचं नाही.
शेजारी आमचा दगड. माझा आणि रातकोचा. आमच्या वयाच्या सगळ्यांनी करून ठेवलाय, मुलांच्या डोक्याला ताप नको म्हणून. काळा ग्रॅनाइट, वर दोघांचे चेहरे कोरलेले, जन्मसाल, आडवी रेघ, पुढे जागा मोकळी. बोबाचा आणि तिच्या नवऱ्याचा, तिहोमीरचा, राखाडी आहे. राखाडीत चेहरा उठून दिसत नाही, पण मी कधी बोलले नाही.
आणि तिथेच डोक्यात उजेड पडला. हा दगड म्हणजे काय? उघड्यावर आहे. कुणीही येऊन वाचावं. आणि बगळा उडत आला तरी खोडू शकत नाही.
घरी न जाता तशीच जिवोमीर पाथरवटाकडे गेले. तो म्हणाला, तुमच्या दगडावर आता एकच गोष्ट लिहायची राहिलीय ताई, आणि तिची घाई करू नका. मी म्हटलं, तोंड बंद ठेव आणि छिन्नी काढ.

१७ सप्टेंबर
झालं. माझ्या चेहऱ्याखाली सोनेरी अक्षरांत: पेकमेझ जत्रेची संस्थापिका. रातकोच्या चेहऱ्याखाली काही नाही. त्याने कधी काही सुरू केलं नाही.
खातं आज उघडलं. फोटो चढवला, संदर्भ म्हणून दगड दिला.
बगळ्याचा निरोप आला, मऊ सुरात: श्रीमती मिलुंका यांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. आपण त्यांच्या कोण?
मी लिहिलं, मी तीच.
मग प्रश्न आला: दगड कुणी कोरून घेतला? मी लिहिलं, मी, अजून कोण कोरणार? मग तो म्हणतो, अशा परिस्थितीत हा दगड स्वप्रकाशित संदर्भ मानावा लागेल.
ग्रॅनाइट आहे रे मेल्या, ग्रॅनाइट.

१९ सप्टेंबर
गावात बातमी पसरली की मी गेले. जिवोमीरच्या बायकोने मला दगडाजवळ नवी फुलं ठेवताना पाहिलं नाही, फक्त फुलं पाहिली. सकाळी बोबा धावत आली, पायात एकच चप्पल. मला चुलीपाशी बघून खाली बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, इतकं काय झालं? म्हणाली, काही नाही हो, जाऊबाई, पाणी द्या. पाणी दिलं. तिला रडणंसुद्धा शोभतं. माझं नाक लाल होतं.
दगडाचा फोटो फोनाफोनी फिरतोय.
बगळ्याने आणखी एक वाट दाखवली. आपलं नातं आधी जाहीर करायचं, मग चर्चेच्या पानावर विनंती करायची. बदल स्वतः करायचा नाही. जाहीर केलं: मी मिलुंका, बोबाची थोरली जाऊ, माझ्या मनात काही नाही. तो म्हणाला, आभारी आहे, ही पहिली गोष्ट नियमाप्रमाणे झाली. आता वाट पाहा. एखादं स्वतंत्र वर्तमानपत्र आपण होऊन याबद्दल लिहील तर ते चालेल. त्यांना सांगायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, मजकूर द्यायचा नाही.
आणि देव आहे. दुपारी शहरातल्या मोठ्या पेपरातून एका बाईचा फोन. दगडाचा फोटो बघितला, जत्रेला यायचंय, तुमच्याशी बोलायचंय. आपण होऊन. मी बोलावलेलं नाही. बगळ्याला हे आधी सांगणार नाही, छापून आलं की तोंडावर फेकीन.
केसांना रंग लावून बसले आहे.

२१ सप्टेंबर, छोट्या गोस्पोयिनाचा सण. जत्रा.
दमले, पण लिहिणार.
चौकात आठ कढया. सकाळपासून धूर. पेपरवाली आली, तरुण, डोळ्यांवर मोठा चष्मा. मी निळा ड्रेस घातला होता. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आलुबुखार, अंगण, माझी कल्पना. ती लिहून घेत होती. कढईचं विचारलं तिने. म्हणाली, सासूबाईंची मोठी कढई पहिल्या वर्षी का नव्हती? मी म्हटलं, किल्ली हरवली होती. रातको शेजारी उभा होता. तो म्हणाला, हो हो, एप्रनच्या खिशात हरवली होती. मी हसले. याचे विनोद.
मग ती बोबाकडे गेली. बोबा ढवळत होती, घामाघूम, डोक्याला फडकं, गालावर काजळी. अशा अवतारात पेपरात फोटो कोण देतं? तिने दांडका सोडलाही नाही, दोनच मिनिटं बोलली. मधे माझ्याकडे बोट केलं आणि हसली. मीही हात हलवला.
चांगलं झालं. सगळं जुळून आलं.

२४ सप्टेंबर
पेपर आला. पूर्ण अर्धं पान. मथळा: "जावांची जत्रा". सगळ्यात मोठा फोटो माझ्या दगडाचा. त्याच्या बाजूला बोबा, काजळीसकट. छान आलीय. काजळीतसुद्धा.
मजकुराचा सारांश लिहिते, पुन्हा वाचणार नाही. जत्रा बोबाने सुरू केली, आलुबुखार सडायला नकोत म्हणून. थोरल्या जावेने सासूची कढई कोठीत कुलूप लावून ठेवली, म्हणाली की लोक हसतील आणि कढईला पोचे पडतील. बोबाने शेजारच्या गावाहून बैलगाडीतून कढई आणली. "किल्ली एप्रनच्या खिशात होती," असं थोरलीचे पती म्हणाले. आज थोरली जाऊ स्वतःला संस्थापिका म्हणवते, आणि तसा दगडही कोरून घेतला आहे.
बोबाने काय म्हटलं तेही छापलंय: "जाऊबाई रागीट आहेत, पण दुसऱ्या वर्षी कढई त्यांनीच घासून आणून दिली. तशी लखलखीत कढई मी परत पाहिली नाही."
हे कशाला सांगायचं तिने? मी सांगितलं होतं का?

२५ सप्टेंबर
बगळ्याने पान सुधारलं. आता नऊ ओळी. बोबाच्या नावापुढचे निळे दोन शब्द गेले. त्या जागी बारीक आकडा, त्यावर बोट ठेवलं की पेपरचं नाव आणि तारीख दिसते. ओळ सहावी: "पहिल्या वर्षी थोरल्या जाऊ मिलुंका यांनी कुटुंबाची कढई देण्यास नकार दिल्याने ती शेजारच्या गावाहून आणावी लागली." पुढे तोच आकडा.
विनंती केली, सहावी ओळ काढा. बगळा म्हणाला, संदर्भ स्वतंत्र आणि विश्वसनीय आहे. शिवाय आपले हितसंबंध लक्षात घेता त्या ओळीला आपण हात लावू नये.
नाव आलं. जगात आलं. स्पेलिंग बरोबर आहे.

३० सप्टेंबर
जिवोमीरला विचारलं, दगडावरची ओळ काढता येईल का? म्हणाला, काढता येते ताई, पण खड्डा राहतो. आणि चेहऱ्याच्या इतक्या जवळ आहे, हनुवटी जाईल.
हनुवटी ठेवली.

११ ऑक्टोबर, पितरांचा शनिवार.
सगळं गाव दफनभूमीत. मेणबत्त्या, उकडलेला गोड गहू, वाइन. मी मुद्दाम उशिरा गेले, पण गर्दी आमच्याच दगडापाशी. लोक बाजूला झाले. पाद्रीबुवा आकाशाकडे बघायला लागले.
संस्थापिका या शब्दापुढे पांढऱ्या खडूने, कंसात: संदर्भ हवा.
अक्षर ओळखलं. पिंपांवर साल लिहितो तेच. रातकोकडे पाहिलं. तो म्हणाला, मी त्या बाईंना ओळखतही नाही. आणि मेणबत्ती लावायला वाकला.
मी पदर नसलेली बाई, हातात गव्हाची वाटी, पुसणार कशाने? तेवढ्यात बोबा आली. सासूबाईंच्या दगडावर ओतायची वाइन रुमालावर घेतली आणि खडू पुसला, कंसासकट. सोनेरी अक्षरंही नीट घासली, चेहराही. मग म्हणाली, चला जाऊबाई, वाऱ्याने मेणबत्त्या विझतायत. आणि माझ्या वाटीतला गहू उचलून तोंडात टाकला.
चकचकीत झालाय दगड. मी इतका घासला नव्हता कधी.
म्हणजे पुसायलाही तीच आधी पोचली.
हे कुठे छापून आलेलं नाही. पाहिलं फक्त मी, आणि मी तिची जाऊ. तेव्हा नियमाप्रमाणे हे घडलेलंच नाही.